मार्बल मेलेलं नाहीये ताई, आधी त्याच्या खाली काय चाललंय ते बघा

आलेलं पत्र:

नमस्कार दादा, विलेपार्ले पूर्वेला आमचा पहिल्या मजल्यावर फ्लॅट आहे. बिल्डिंग १९८२ ची, वर अजून दोन मजले, लिफ्ट नाही. हॉल आणि बेडरूममध्ये सासऱ्यांनी १९८६ साली पांढरं मकराना मार्बल बसवून घेतलं होतं, पॅसेज आणि किचनला कोटा फरशी आहे. सगळं मिळून साडेचारशे स्क्वेअर फूट असेल. आता मार्बलची पार रया गेलीय. डायनिंग टेबलखाली आणि देवघरासमोर पांढुरके डाग पडलेत, बाथरूमच्या दारापाशी चार-पाच लाद्या पिवळ्या झाल्यात, त्यातल्या दोन पाय ठेवला की हलतात, आणि हॉलमधून एक चीर गेलीय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो मार्बल मेलंय, ह्याच्यावरच टाईल मारून देतो, आठवड्यात काम होईल. मुलगा तयार आहे, सासरे (आप्पा, वय ८१) अजिबात ऐकत नाहीत. सोसायटीत रिडेव्हलपमेंटची चर्चा पण चालूय. काय करू? आणि पॉलिशच करायचं ठरलं तर घर सोडून जावं लागेल का? ह्यांना दम्याचा त्रास आहे.
— लादीच्या काळजीत, पार्ले

ताई, नमस्कार.

पत्रावरून तरी मला तुमचं मार्बल मेलेलं वाटत नाही. तुम्ही चार तक्रारी लिहिल्यात, पांढरे डाग, पिवळेपणा, हलणाऱ्या लाद्या आणि चीर, आणि कॉन्ट्रॅक्टरने चारही एकाच पंक्तीला बसवून वर टाईल मारायचा एकच उपाय सांगितलाय. पण ह्यातली एक तक्रार फक्त वरच्या कातडीची आहे, बाकीच्या तीन दगडाच्या खालून आलेल्या असू शकतात. वरचं दुखणं मशीनने जातं. खालचं दुखणं पॉलिशनेही जात नाही आणि टाईलनेही जात नाही, फक्त दिसेनासं होतं. म्हणून ठेवायचं की काढायचं हे ठरवण्याआधी कुठलं दुखणं कुठलं आहे ते बघू, आणि ते बघायला मिस्त्री लागत नाही, तुमचं तुम्हाला जमेल.

आधी पांढरे डाग. संध्याकाळी हॉलचे दिवे बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च अगदी जमिनीला चिकटवून आडवा धरा. डागाच्या जागी प्रकाश चमकत नाही, तिथला भाग जरासा खरखरीत आणि मातकट दिसतो, बोट फिरवलं की कळतं सुद्धा. हा डाग नाहीच खरंतर, दगड तिथे खाल्ला गेलाय. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्याला कुठलंही आंबट चालत नाही. डायनिंग टेबलखाली सोलकढी, लिंबू, ताक सांडतं ते एक, आणि देवघरासमोर का असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर पंचामृतातलं दही आठवा, आणि सणाच्या आधी तिथेच बसून चिंचेने समया आणि ताम्हण घासलं जातं ते पण आठवा, ते पाणी ओघळतं आणि पुसेपर्यंत दगडाला लागलेलं असतं. बाथरूम धुवायचं ॲसिड जर चुकून बाहेर येत असेल तर ते सगळ्यात वाईट. तर हे सगळं वरवरचं आहे. घासून नवा थर वर काढला की गेलं. चाळीस वर्षं पायाखाली असलेलं मकराना मशीन फिरल्यावर कसं दिसतं ते मी साईटवर बघत आलोय, घरातली माणसं ओळखत नाहीत. ताजमहालाला हाच दगड लागलाय, पार्ल्याच्या हॉलमध्ये तो इतक्यात हार मानणार नाही.

आता बाथरूमपाशी जाऊ, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. लाद्या फक्त दारापाशीच पिवळ्या झाल्यात ना, बाकी हॉल पांढरा आहे ना, मग ते वयाने झालेलं नाही. पांढऱ्या मार्बलमध्ये थोडंफार लोह असतंच, खालून ओल सतत लागत राहिली की ते गंजतं आणि दगड आतून पिवळा दिसायला लागतो. म्हणजे बाथरूमचं पाणी कुठूनतरी उंबरठ्याखालून ह्या बाजूला येतंय. न्हाणी ट्रॅपच्या भोवती गळत असेल, पाइपचा जॉइंट गेला असेल, नाहीतर वॉटरप्रूफिंगच संपलं असेल, ८२ सालचं ते, किती टिकणार.

खात्री करायची असेल तर दोन गोष्टी करा. एक म्हणजे तळमजल्यावरच्यांकडे जाऊन त्यांच्या छताला त्या जागेखाली ओल आहे का, रंगाचे पोपडे निघालेत का, ते विचारा, लाजू नका, त्यांनी अजून तक्रार केली नसेल तर नशीब समजा. दुसरं, दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लॅस्टिक घ्या, पिवळ्या लादीवर ठेवून चारही बाजूंनी चिकटपट्टी गच्च लावा आणि एक दिवस तसंच सोडा. तसंच दुसरं हॉलच्या मधोमध लावा. दुसऱ्या दिवशी बाथरूमवाल्या प्लॅस्टिकच्या आतून थेंब धरले असतील किंवा दगड गडद दिसला आणि हॉलचं कोरडं असेल तर झालं, उत्तर मिळालं. (पावसाळ्यात हे करू नका, हवेतच इतका दमटपणा असतो की काही कळत नाही.)

मग लाद्या वाजवा. लाटणं घ्या, उलट्या टोकाने प्रत्येक लादीच्या चार कोपऱ्यांवर आणि मध्ये हलकेच टकटक करा. खाली सिमेंट-रेतीचा माल भरलेला असेल तर आवाज बसका आणि घट्ट येतो, पोकळ असेल तर ढबढब येतो, पहिल्या पाच मिनिटांत कान तयार होतो. पोकळ लादीवर खडूने फुली मारत जा. पूर्ण घर झालं की उभं राहून फुल्यांकडे बघा, कारण तुमचा निर्णय खरा तिथे लिहिलेला असणार आहे. फुल्या फक्त बाथरूमच्या आसपास आणि एखाद-दुसरी इकडेतिकडे असतील तर मार्बल ठेवायचं, तेवढ्याच लाद्या उचलून परत बसवायच्या. पण अर्ध्याहून जास्त हॉल ढबढब वाजत असेल तर खालचा थरच सुटलाय, त्यावर पॉलिशचं जड मशीन फिरवलं तर लाद्या तडकतील, आणि तेव्हा मी स्वतःच तुम्हाला सांगेन की काढा.

राहिली चीर. ती एकाच लादीत आहे की सरळ रेषेत तीन-चार लाद्या ओलांडून गेलीय, हे तुम्ही लिहिलं नाहीत. एकाच लादीत असेल तर कधीतरी काही जड पडलं असेल, एपॉक्सीत मार्बलची पावडर मिसळून भरून घासली की जवळ वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही. सांधे ओलांडून सरळ गेली असेल तर खालचा थर किंवा स्लॅब हललाय. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने बारीक आडवी रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांनी चीर रेघेच्या पुढे गेली असेल तर ती जिवंत आहे, तेव्हा लादीचा विचार सोडा आणि सेक्रेटरींना सांगून स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा. बिल्डिंग तीस वर्षांच्या वरची आहे, स्ट्रक्चरल ऑडिट तसंही सोसायटीने करून घ्यायला हवं, झालं असेल तर त्याचा रिपोर्ट मागून वाचा, मेंबर आहात तुम्ही.

आता टाईलवर टाईल. मुलाला आठवड्यात काम होणं आवडलंय हे मी समजू शकतो, पण त्याच्याबरोबर बसून एवढा हिशोब करा. दहा मिलिमीटरची व्हिट्रिफाइड टाईल आणि खालचं ॲडहेसिव्ह धरून एका चौरस मीटरला साधारण तीस किलो वजन वाढतं. तुमचे साडेचारशे स्क्वेअर फूट म्हणजे बेचाळीस चौरस मीटर, म्हणजे जवळपास सव्वा टन. धडधाकट स्लॅबला हे झेपतं, मी घाबरवत नाहीये, पण ज्या घरात चीर आहे आणि ओल आहे तिथे स्लॅबची सळई कशी आहे हे कुणी न बघता सव्वा टन वर ठेवायला मी हो म्हणणार नाही. शिवाय जमीन पंधरा मिलिमीटर वर येते, सगळी दारं खालून कापायची, बाथरूमचा उंबरठा बाहेरच्या बाजूने बुटका होतो. हलणारी लादी खाली तशीच हलत राहते, वरची टाईल काही महिन्यांत तडकते. आणि गळती? ती टाईलच्या खाली निवांत चालू राहते आणि एक दिवस तळमजल्यावाल्यांचं प्लॅस्टर पडतं. एवढं सगळं झाकायला पैसे कशाला द्यायचे.

पूर्ण फोडून नवीन घालायचं म्हटलं तर मार्बल आणि खालचा माल मिळून चौरस मीटरला सव्वाशे-दीडशे किलो निघतो, म्हणजे तुमच्या घरातून पाच-सहा टन डेब्रिज. लिफ्ट नाही. बिगारी गोण्या भरून जिन्याने उतरवणार, जिना खराब होणार, शेजाऱ्यांची बोलणी खावी लागणार, गाडी वेगळी, ते डेब्रिज कुठेतरी खाडीत टाकलं तर पाप आणि दंड दोन्ही, त्यामुळे महापालिकेच्या डेब्रिज उचलायच्या सेवेला रीतसर कळवायचं. ब्रेकरचे हादरे जुन्या स्लॅबला बसणार ते आणखी. टाईलचा भाव विचारताना लोक फक्त टाईलचा भाव विचारतात, फोडणं, उतरवणं, स्कर्टिंग, दारं, कपाटाच्या खालच्या पट्ट्या हे सगळं नंतर एकेक करून बिलात येतं. कॉन्ट्रॅक्टरकडून दोन्ही कोटेशन घ्या, पण प्रत्येक ओळ वेगळी लिहून मागा, "सगळं मिळून" असं लिहिलेलं कोटेशन घेऊ नका.

रिडेव्हलपमेंटबद्दल तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंत, पण मला विचाराल तर पैशाच्या दृष्टीने हीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. पार्ल्यात काय चाललंय ते तुम्ही रोज खिडकीतून बघताच. सेक्रेटरींना नेमकं विचारा की चर्चा कुठपर्यंत आलीय, नुसती एजीएममध्ये विषय निघालाय, का पीएमसी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट) नेमलाय, का सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खालची रिडेव्हलपमेंटची प्रक्रिया होऊन डेव्हलपर निवडलाय. डेव्हलपर निवडून झाला असेल आणि ॲग्रीमेंटच्या गोष्टी चालू असतील तर गळती बंद करा, हलणाऱ्या दोन लाद्या बसवून घ्या म्हणजे आप्पांचा पाय अडकणार नाही, बस्स, बाकी एक रुपया घालू नका. पण नुसती चर्चा असेल तर चर्चा मुंबईत दहा-दहा वर्षं चालते, तेवढी वर्षं रया गेलेल्या जमिनीवर काढायची काही गरज नाही. पॉलिशचा खर्च असा आहे की उद्या बिल्डिंग गेली तरी मनाला फार लागणार नाही, नवीन फ्लोअरिंगचा तसा नाही.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: लाटण्याच्या टकटकीत हॉल घट्ट निघाला तर मार्बल ठेवा. क्रम मात्र चुकवू नका. आधी बाथरूमची गळती, प्लंबर आणि वॉटरप्रूफिंग, मग पिवळ्या आणि हलणाऱ्या लाद्या अलगद उचलायच्या, मागे खडूने नंबर घालायचे, खालचा ओला माल काढून ती जागा पूर्ण वाळू द्यायची, प्लॅस्टिक लावून परत बघायचं, आणि मगच बसवायचं. बसवताना पांढरं सिमेंट किंवा पांढरं ॲडहेसिव्हच, राखाडी वापरलं तर पांढऱ्या मार्बलमधून त्याची छाया वर दिसते आणि ती कशानेच जात नाही. पिवळेपणा वाळल्यावर थोडा उतरेल, पूर्ण जाईलच असं नाही. त्यासाठी कुणी ॲसिड लावायला आलं तर हात धरा. नाहीच बरं दिसलं तर एक जुनी युक्ती, कपाटाखाली किंवा दिवाणाखाली जिथे कुणाची नजर जात नाही तिथल्या चांगल्या लाद्या काढून दारापाशी बसवायच्या आणि पिवळ्या तिकडे. बाजारात नवीन मकराना मिळेल, पण १९८६ च्या शेजारी ते वेगळं दिसेल, तुमच्याच घरातली लादी मात्र जुळते.

पॉलिशवाला ठरवताना त्याला एकच विचारा, किती नंबर मारणार (नंबर म्हणजे घासायच्या दगडाचा बारीकपणा, आकडा मोठा तसा दगड बारीक). ६० पासून सुरू करून १२०, २२०, ४००, ८००, १५००, ३००० असं चढत जायचं असतं, प्रत्येक नंबरने आधीच्याचे ओरखडे काढायचे असतात. मधले नंबर गाळून, वरून पावडर मारून किंवा मेण लावून चकाकी आणणारे पुष्कळ आहेत, दिवाळीआधी तर गल्लोगल्ली, आणि ती चकाकी गरम पाण्याच्या चार पोछ्यांत उतरते. सोफ्यामागे एक लादी पूर्ण करून दाखवायला सांगा, वाळल्यावर टॉर्चने बघा, मग पुढे. दगड पुरेल का ही भीती नको. जुनं मार्बल सोळा-अठरा मिलिमीटर तरी जाड असतं आणि पूर्ण ग्राइंडिंगमध्ये मिलिमीटर-दीड मिलिमीटर जातं.

आणि इथे माझं एक आग्रहाचं सांगणं. ३००० पर्यंत जाऊच नका. घरात ८१ वर्षांचं माणूस आहे, आरशासारख्या मार्बलवर पाण्याचे दोन थेंब पडले की पाय सटकतो, आणि त्या वयात खुबा मोडला तर काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. ४०० नंबरला थांबा. दगड पांढरा, स्वच्छ, हाताला मऊ लागतो, झगमगत नाही एवढंच, आणि पुढे ताक-लिंबाचे डाग पडले तरी मॅट जमिनीवर ते फारसे दिसत नाहीत. कोटा तर तसाच ठेवा, दोन-तीन नंबर मारून मळ आणि जुनं मेण काढलं की त्याचा तो हिरवट निळा रंग परत येतो, मला स्वतःला किचनमध्ये त्याच्यासारखी दुसरी जमीन आवडत नाही. फक्त तोही चुनखडीचाच दगड आहे, त्यामुळे ॲसिडचा नियम त्यालाही लागू. नंतर दगडात मुरणारं सीलर लावून घ्या, पण जमीन पूर्ण कोरडी झाल्यावरच, ओल आत कोंडली तर आपण परत पहिल्या पानावर. रोजच्या पोछ्याला साधं पाणी, फार तर सौम्य साबणाचे चार थेंब. आणि दाराबाहेर चांगलं जाड पायपुसणं टाका, आजूबाजूला इतकी बांधकामं चालू आहेत की चपलेबरोबर रेती घरात येते, आणि रेती मार्बलपेक्षा खूपच कडक असते, ओरखडे तीच काढते.

मुलाला हे सगळं आप्पांच्या हट्टासाठी करतोय असं वाटू देऊ नका. प्लॅस्टिक आणि लाटण्याची परीक्षा त्यालाच करायला सांगा, फुल्या त्यालाच मारू द्या, मग जे दिसेल त्यावर दोघांनी बोलावं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. सगळ्यांनी घर सोडायची गरज नाही. मार्बलचं पॉलिश पाणी सोडून ओलंच करतात, धूळ उडत नाही, दुधासारखी स्लरी होते. कुणी कोरडं घासायला किंवा ग्राइंडरने कोरडं कापायला लागला तर काम थांबवा, तुमच्या यजमानांसाठी आणि त्या कामगाराच्या फुप्फुसासाठी पण, त्याला मास्क नसेल तर तुम्ही आणून द्या. ती स्लरी व्हॅक्यूमने किंवा सुपलीने बादलीत भरून बाहेर न्यायची, न्हाणीत अजिबात ओतू द्यायची नाही, ती आत जाऊन दगडासारखी बसते. अर्धं घर रिकामं करून एक बाजू, मग दुसरी बाजू असं करा, फर्निचरच्या पायांना प्लॅस्टिक बांधा, मशीनसाठी १५ ॲम्पिअरचा पॉइंट कुठे आहे ते आधी बघून ठेवा. लाद्या उचलायच्या दिवशी मात्र माल खरवडताना सिमेंटची धूळ होतेच, आणि सीलरला दोन दिवस वास येतो. तेवढे दिवस ह्यांना आणि आप्पांना कुणा नातेवाइकांकडे पाठवा. काम दिवाळीनंतर थंडीत काढा, जमीन लवकर वाळते आणि मशीनवाल्यांनाही घाई नसते, गळतीचं काम तेवढं त्याआधीच, आत्ताच उरकून घ्या.